आठ भिंतींचं ड्रॉइंग ऑफिस

सुवर्णाला वाकडं काही बघवत नसे. अमेरिकेत, कॅरी गावातल्या तिच्या घरी कुणी जेवायला आलं की हे पहिल्या पाच मिनिटांत कळायचं. पाहुण्याने पाठीमागची उशी जरा हलवली की ही गप्पा मारता मारताच ती सरळ करायची, आणि पाहुणे जायला निघेपर्यंत दारातले सगळ्यांचे बूट एका रेषेत लागलेले असायचे. नवरा संजय म्हणायचा, "हिला चंद्र आणून दिला तर ही आधी त्याची वरची बाजू कुठली ते विचारेल." सुवर्णा हसायची, पण मनात म्हणायची, विचारायलाच हवं.

हा स्वभाव काही हवेतून आला नव्हता. लग्नाआधी सहा वर्षं ती चिंचवडच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसमध्ये ट्रेसर होती. साहेब लोक पेन्सिलीने यंत्रांची ड्रॉइंग काढायचे आणि ट्रेसर मुली त्यावर पारदर्शक कागद ठेवून ती शाईने उतरवायच्या, रेघ न् रेघ, आकडा न् आकडा. चुकलं तर ब्लेडने शाई खरवडायची, तीही अशी की कागदाला पत्ता लागू नये. १९९० साली लग्न होऊन ती नॉर्थ कॅरोलिनाला आली. व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. ती मिळेपर्यंत ड्रॉइंग कॉम्प्युटरवर निघायला लागली होती आणि ट्रेसर ही जमातच जगातून उठली होती. मग बावीस वर्षं तिने एका शाळेच्या लायब्ररीत पुस्तकं लावली. एका रेषेत, हे सांगायला नकोच.

तिची मुलगी अनिका एकोणतीस वर्षांची. इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळणारी आणि लागेल तेवढंच बोलणारी. ती व्हिडिओ गेममधल्या जागा बांधायची. गेममध्ये माणूस ज्या गल्लीतून पळतो आणि ज्या खोलीत लपतो, ती गल्ली आणि ती खोली मॅप एडिटर नावाच्या प्रोग्राममध्ये कुणीतरी एकेक भिंत, एकेक खुर्ची ठेवून उभी करावी लागते. ते काम अनिकाचं. होतं, असं म्हणायला हवं. दहा महिन्यांपूर्वी तिच्या कंपनीने एका सकाळी निम्म्या लोकांना नारळ दिला, आणि अनिका आपलं अपार्टमेंट सोडून आईबाबांकडे, शाळेतल्या पदकांनी भरलेल्या तिच्या जुन्या खोलीत राहायला आली. तेव्हापासून सत्तर अर्ज झाले होते. संजय रोज ऑफिसातून ड्राइव्ह करून आला की बूट काढता काढता विचारायचा, "एनी न्यूज?" त्या वेळेला अनिका हटकून खोलीत दार लावून बसलेली असायची.

मे महिन्यात टेक्सासमधल्या, फ्रिस्कोच्या एका स्टुडिओने तिला टेस्ट दिली. एक छोटीशी जागा बांधायची. तिथून कुणीतरी नुकतंच उठून गेलेलं आहे, आणि ते माणूस कोण होतं हे त्या जागेत नुसतं फिरून कळलं पाहिजे. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायची; पाच वाजून एक मिनिट झालं तर आम्ही उघडूनही बघणार नाही, असं त्यांनी मेलमध्ये साफ लिहिलं होतं.

"ही पण गेली ना, तर मी गेम्स सोडणार," अनिका बुधवारी जेवताना म्हणाली. "माझी फ्रेंड रिमा आहे ना, तिच्या बँकेत काहीतरी डेटाचं काम आहे. ते घेईन."

सुवर्णाच्या लेखी गेम म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग. मुलीने एवढं शिकून हे काय धरलं, असं तिने दहा वर्षांत शंभरदा तरी म्हटलं असेल. पण 'सोडणार' हा शब्द ऐकला आणि तिला घास गिळवेना. सोडणं म्हणजे काय असतं, हे त्या टेबलावर तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

गुरुवारी दुपारी ती चहा घेऊन मुलीच्या खोलीत गेली. एरवी ती दाराबाहेरूनच हाक मारायची. आज आत गेली, कप टेबलावर ठेवला आणि सहज स्क्रीनकडे बघितलं, तर पाय जमिनीला खिळले.

स्क्रीनवर आठ भिंतींची, उंच छताची एक खोली होती. ओळीने तिरपे ड्रॉइंग बोर्ड, बोर्डांवर आणि भिंतींवर ड्रॉइंगचे कागद, कडेला टी-स्क्वेअर आणि हिरवे प्लास्टिकचे गुण्ये. शाईची बाटली. बाटलीशेजारी अर्धं ब्लेड.

"हे काय आहे?"

"तुझं ऑफिस," अनिका मान न वळवता म्हणाली. "सॉर्ट ऑफ. तू मला लहानपणी सांगायचीस ना, त्यातलं."

सुवर्णाने स्क्रीनवरून नजर काढून मुलीकडे बघितलं. आपण बोलत होतो तेव्हा ही पोर कानात हेडफोन घालून बसलेली असायची, आणि आपण समजत होतो की सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पण असं काही बोलून दाखवायची तिला सवय नव्हती. म्हणून तिने दुसरंच काहीतरी काढलं.

"आमचं ऑफिस अष्टकोनी नव्हतं. साधी पत्र्याची शेड होती. उन्हाळ्यात घामाचा थेंब ट्रेसिंगवर पडला की सकाळपासूनचं काम गेलं."

"आय नो, आई. पण शेड बोअरिंग दिसते. आठ भिंती, वरून उजेड, इट्स मोर ब्युटिफुल."

"आणि ते स्टूल असं बाहेर का आलंय? कामावरून उठताना स्टूल आत सरकवायचं असतं. आमच्या मुतालिक साहेबांनी बघितलं असतं तर!"

"ते मुद्दाम आहे. तिथून कोणीतरी आत्ता उठून गेलंय. स्टूल आत असलं तर वाटेल ती घरी गेली. बाहेर असलं तर वाटतं, येईल परत."

सुवर्णाने स्टुलाचा विषय तिथेच सोडला. पण तिची नजर आता खोलीभर फिरायला लागली होती, आणि ती नजर सहा वर्षं रेघा बघण्यात तयार झालेली होती. आठव्या भिंतीपाशी ती थांबली. "हे कपाट इथे कोपऱ्यात तिरकं का ठेवलंय?"

अनिकाने ओठ चावला. "कपाट काढलं तर मागे गॅप आहे. दोन बोटं. त्यातून आकाश दिसतं."

"म्हणजे भिंतीला भेग पडली की कॅलेंडर लावायचं!"

"आई, प्लीज! दोन दिवस ट्राय केलं. ते क्लोजच होत नाही."

"तू भिंती लावल्यास कशा? मला दाखव."

अनिकाने दाखवलं. एडिटरमध्ये जमिनीवर चौकटींची एक अदृश्य जाळी असते. स्नॅप लावलं की वस्तू आपोआप जवळच्या चौकटीच्या कोपऱ्याला जाऊन चिकटते. सरळ खोल्या बांधताना याच्यासारखं सुख नाही. अनिकाने पहिली भिंत लावली, तिची कॉपी करून पंचेचाळीस अंशांत वळवली आणि पहिलीच्या टोकाला चिकटवली. मग तिसरी दुसरीला, चौथी तिसरीला.

"थांब," सुवर्णा म्हणाली. "जाळी चौकोनी आणि तुझी भिंत तिरकी. तिरक्या भिंतीचं टोक चौकटीच्या कोपऱ्यावर पडेलच कसं? ते जरा अलीकडे नाहीतर पलीकडे पडणार, आणि तुझं हे स्नॅप त्याला ओढून कोपऱ्यावर नेणार. प्रत्येक भिंतीत पाव बोटाची चूक. पुढची भिंत त्या चुकलेल्या टोकाला बांधलीस. आठव्या भिंतीपर्यंत सगळ्यांच्या चुका जमून दोन बोटं झाल्या."

अनिका आता खुर्चीसकट वळली होती.

"आमच्याकडे हे पहिल्या आठवड्यात शिकवायचे. शेजाऱ्यापासून माप घ्यायचं नाही. एकच जागा ठरवायची आणि प्रत्येक माप तिथून घ्यायचं. अष्टकोनाला ती जागा म्हणजे मधला बिंदू. भिंत भिंतीला बांधू नकोस, आठही भिंती मध्याला बांध."

अनिकाने खोलीच्या बरोबर मध्यावर एक रिकामा बिंदू ठेवला, एक भिंत त्या बिंदूला जोडली, स्नॅप बंद केलं आणि ती भिंत त्या बिंदूभोवती पंचेचाळीस-पंचेचाळीस अंशांनी फिरवत सात कॉप्या काढल्या. आठवी भिंत पहिलीला येऊन अशी भिडली की मध्ये काही शिल्लकच राहिलं नाही. कपाट बाजूला काढलं. मागे आकाश नव्हतं.

"व्हॉट द..." अनिका पुटपुटली, आणि मग मोठ्याने हसली. दहा महिन्यांत या घरात ते हसू ऐकू आलं नव्हतं. भिंतींवरचे कागद पुन्हा लावण्यात तिची संध्याकाळ गेली, आणि सुवर्णा शेजारी स्टूल टाकून बसली होती. संजय आला आणि "एनी न्यूज?" विचारायच्या आधीच हिने हातानेच त्याला गप्प केलं.

शुक्रवारी सकाळी अनिकाने आईला एडिटर थोडा शिकवला. वस्तू निवडायची कशी, बाणांच्या बटणांनी सरकवायची कशी, कागद भिंतीला चिकटवायचा कसा, सेव्ह कसं करायचं. "तू चेकर हो," ती म्हणाली. "काही राँग दिसलं तर सांग."

चेकर! सुवर्णा त्या शब्दाने भलतीच फुगली. चिंचवडला प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात चार खणांची एक चौकट असायची. कुणी काढलं, कुणी ट्रेस केलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं, त्यांची आद्याक्षरं त्या खणांत यायची. तपासणारा चेकर लाल पेन्सिल घेऊन बसायचा आणि त्याने एकदा अक्षरं घातली की पुढे निघालेली चूक त्याच्या नावावर. ती सहा वर्षं दुसऱ्या खणात होती. तिसऱ्यात बसायचं तिचं स्वप्न होतं, ते तसंच राहून गेलं.

जेवणं झाल्यावर अनिका म्हणाली, "मी एक तास झोपते. डोळे गेले माझे. फक्त प्रकाश बसवायचा राहिलाय, त्याला कॉम्प्युटरला पाऊण तास लागतो. तीनला उठव."

सुवर्णा एकटीच त्या आठ भिंतींच्या खोलीत फिरायला लागली. फिरता फिरता एका कागदाकडे बाजूने बघितलं, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. कागद भिंतीला टेकलाच नव्हता. मध्ये फट होती. अगदी बारीक, पण होती. दुसरा बघितला, तोही तसाच. जमिनीवरच्या रबरी चटया बघितल्या, त्याही जमिनीपासून केसभर वर तरंगत होत्या. पोरीने दमून भागून लावलेत, तिच्या मनात आलं. बिचारी. बघणाऱ्याने हे बघितलं तर काय म्हणेल?

मग तिने पदर खोचला, म्हणजे नेसलेली होती ट्रॅक पँट, पण भाव तोच. एकशे बारा कागद आणि चौदा चटया. फट नीट दिसावी म्हणून तिने अनिकाने सकाळी दाखवलेलं, नुसत्या रेघांचं दृश्य लावून घेतलं. एकेक निवडून कागद भिंतीला आणि चटई जमिनीला चप्प बसवली. मुलगी उठायच्या आत सगळं उरकून तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, आणि तो तिने दिला खरा. पावणेतीनला शेवटची चटई टेकली. तिने सेव्ह केलं, आणि चिंचवडला संध्याकाळी बोर्डावर कापड घालून उठायची सवय होती, तसा प्रोग्रामही बंद करून टाकला. खांदे भरून आले होते, पण इतकं समाधान तिला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

तीन वाजता अनिकाने मॅप उघडला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

सगळ्या भिंती लुकलुकत होत्या. कागद दिसायचा, नाहीसा व्हायचा, त्याच्या जागी भिंत यायची, पुन्हा अर्धा कागद. नजर जरा हलवली की खोलीभर ही थरथर. चटयांतून जमीन वर यायची आणि जायची. डोळे दुखावेत असा सगळा प्रकार.

"ओ माय गॉड. कार्ड गेलं. ग्राफिक्स कार्ड गेलं माझं," अनिका म्हणाली. ती टेबलाखाली शिरली, वायरी हलवल्या, कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. पुन्हा तीच थरथर. 

सुवर्णा दारात उभी होती. तिला कळलं होतं. कसं ते कळलं नव्हतं, पण एकशे बारा कागद आणि चौदा चटया, आणि थरथर नेमकी तिथेच.  कार्ड गेलं असं ही समजतेय, समजू दे, असंही एकदा मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगा. पण ती पोर टेबलाखाली वायरी चाचपत होती.

"अनू, बाहेर ये. कार्ड नाही गेलं. मी केलंय."

"काय केलंस?"

"कागद भिंतीपासून सुटले होते. मी टेकवले सगळे. चटया पण."

अनिका टेबलाखालून बाहेर आली आणि जमिनीवरच बसली. "सगळे? आई, ती गॅप मी ठेवली होती! दोन सरफेस एक्झॅक्ट एका जागी आले तर पुढे कोण ते कॉम्प्युटरला कळत नाही. कधी हा दाखवतो, कधी तो. म्हणून जरासं पुढे ठेवायचं असतं. एव्हरीबडी नोज दॅट!"

"मग आता मागे जाता येत नाही? ते अनडू का काय..."

"तू प्रोग्राम बंद केलास! अनडू गेलं. माझा बॅकअप वेनस्डेचा आहे. त्यात आठवी भिंत फुटलेली आहे, नवीन कागद नाहीत, काही नाही." मग तिचा आवाज चढला. "तू का टच केलंस? तुला सगळं का सरळ करायचं असतं? मला पण तू आयुष्यभर अशीच सरळ करत आलीस!"

सुवर्णाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या, एरवी. आज नाही झोंबल्या, कारण ते खरं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती खाली मान घालून उभी राहिली.

घड्याळात साडेतीन झाले होते. प्रकाशाला पाऊण तास लागणार, म्हणजे सव्वाचारच्या आत सगळं जागेवर हवं. अनिकाने डोळे पुसले आणि एकेक कागद पुढे ओढायला सुरुवात केली. पण भिंतीला चिकटवायला एक बटण पुरायचं, पुढे ओढायला तसं नव्हतं; भिंती तिरक्या, प्रत्येकीची दिशा वेगळी, दर वेळी दोन-दोन आकडे बदलायचे. पंधरा मिनिटांत अकरा कागद झाले. बाकीच्यांचा हिशेब करायची गरज नव्हती, दोघींनाही तो कळत होता.

सुवर्णा मागे उभी राहून बघत होती आणि तिला मुतालिक साहेब आठवत होते. नोकरीतलं पहिलंच वर्ष. तिने एका ड्रॉइंगवरचा चोवीस पूर्णांक अठ्ठ्याण्णव हा आकडा इंजिनिअरने घाईत तसा लिहिला असेल असं समजून, स्वच्छ पंचवीस असा उतरवला होता. साहेब ओरडले नाहीत. तिला शेजारच्या वर्कशॉपमध्ये नेलं, एका हातात पंचवीसचा दांडा दिला, दुसऱ्या हातात पंचवीसच्या भोकाची कडी, आणि म्हणाले, घाल. तिने सगळा जोर लावला. जाईना. "माप बरोबर आहे ना बिवलकर? म्हणूनच जात नाही," साहेब म्हणाले. "दोन गोष्टी एकत्र नांदायच्या तर मध्ये थोडी जागा सोडावी लागते." ते ती कशी विसरली? चाळीस वर्षांत फक्त सरळ रेघ तेवढी लक्षात ठेवली, आणि साहेबांनी हातात देऊन शिकवलेलं सोडून दिलं.

आणि मग तिला दिसलं. अष्टकोनाच्या आत अष्टकोन. तोच मध्य धरून, जरासा लहान. चिंचवडला असे तिने शेकड्यांनी काढले होते.

"अनू, हे सगळे कागद आणि चटया एकदम निवडता येतात?"

"एका ग्रुपमध्ये आहेत. पण एकदम सरकवून काय होणार? एका भिंतीवरचे पुढे येतील, समोरचे भिंतीत घुसतील."

"सरकवू नकोस. लहान कर. मधला बिंदू धरून सगळा गठ्ठा लहान कर. हजारात दोन इतकाच. मग प्रत्येक कागद आपापल्या भिंतीपासून सुटेल आणि मध्याकडे येईल. आठही भिंतींवर सारखा."

अनिका क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग तिने हात चालवला. एक आकडा टाकला, बटण दाबलं.

भिंती स्थिर झाल्या. एकशे बाराच्या एकशे बारा कागद शांत, आपापल्या जागी. चटया मात्र अजून लुकलुकत होत्या.

"जमिनीवरचं नाही गेलं," अनिका म्हणाली.

"तुझा मध्य जमिनीवर आहे ना, म्हणून. चटया त्याच्याच पातळीत आहेत, त्या वर कशाला उचलल्या जातील? हे मागे घे. बिंदू वर उचल, माणसाच्या डोक्याएवढा. मध्य अधांतरी हवा."

अनिकाने मागे घेतलं, बिंदू उचलला, पुन्हा बटण दाबलं. कागद सुटले, चटया जमिनीपासून केसभर उठल्या आणि खोली निवांत झाली. चार वाजून दोन मिनिटं झाली होती. अनिकाने प्रकाशाचं काम सुरू केलं, हात कीबोर्डवरून काढले आणि खुर्चीतच मागे वळून आईच्या पोटाला मिठी मारली. सुवर्णा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. केस विस्कटलेले होते, तिने ते नीट केले नाहीत.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आजचंच नाही."

"हो," अनिका म्हणाली. एवढंच. पण मिठी सोडली नाही.

पाऊण तास काही करण्यासारखं नव्हतं. अनिका स्क्रीनवरच्या एका बोर्डाजवळ गेली, त्याच बाहेर आलेल्या स्टुलापाशी. बोर्डावर अर्धवट ट्रेस केलेलं एक ड्रॉइंग होतं आणि उजव्या कोपऱ्यात चार खणांची चौकट. चारही खण रिकामे.

"हे तुझ्यासाठी ठेवलं होतं," ती म्हणाली. "अक्षरं नंतर टाकली तरी चालतात, त्याला परत प्रकाश लागत नाही. काढणाऱ्याच्या खणात मी. तू तपासणाऱ्याच्या."

"चूक मी केली आणि तपासणारी मीच? अगं, चेकर म्हणजे ज्याच्या नावावर चूक जाते तो!"

"मग? गेली ना तुझ्या नावावर." अनिका हसली. "काय लिहू? एस. एस. डी.?"

 पस्तीस वर्षं बँकेत, शाळेत, पासपोर्टवर ती सुवर्णा संजय देवस्थळी होती. त्याआधीचं कुणी विचारलंच नव्हतं.

"एस. जी. बी.," ती म्हणाली. "सुवर्णा गजानन बिवलकर. ड्रॉइंगवर मी हेच घालायची. टाइप करू नकोस. कागद दे."

प्रिंटरमधला कागद आणि काळं पेन घेऊन ती टेबलाशी बसली. स्वयंपाकघराच्या यादीपलीकडे तिने वर्षानुवर्षं काही लिहिलं नव्हतं. पण पेन टेकवलं आणि हात चालला. तीन अक्षरं, सरळ उभी, सारख्या उंचीची, मध्ये बरोबर सारखी जागा. लिहून झाल्यावर तिनेच ती वाचली आणि तिला रडू फुटलं. अनिकाने फोनने फोटो काढला, तो त्या तिसऱ्या खणात बसवला आणि खणाच्या पृष्ठभागापासून केसभर पुढे ओढला.

चार बावन्नला टेस्ट गेली.

तीन आठवड्यांनी नोकरी मिळाल्याचा फोन आला. फ्रिस्कोला जायचं होतं, ऑगस्टमध्ये. संजयने आनंदाने मित्रांच्या अख्ख्या व्हॉट्सॲप ग्रुपला पेढ्यांचे फोटो पाठवले, प्रत्यक्ष पेढे नंतर आणले. सुवर्णालाही आनंद झाला, मनापासून झाला, आणि त्याच वेळी छातीत काहीतरी तुटलं. दोन्ही खरं होतं. तिने डबे भरले, मसाल्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि एअरपोर्टवर मुलीच्या जॅकेटची कॉलर सरळ करायला उचललेला हात तसाच खाली घेतला.

परत आल्यावर ती अनिकाच्या खोलीत गेली. टेबल रिकामं होतं, भिंतीवर शाळेतली पदकं होती. खुर्ची मात्र बाहेर, तिरकी, खिडकीकडे तोंड करून तशीच राहिली होती. निघायच्या घाईत अनिका मोजे घालताना तिच्यावर बसली असणार.

सुवर्णाने खुर्चीच्या पाठीला हात लावला. आत सरकवायला एक क्षण पुरला असता. संजयने खालून हाक मारली, चहा टाकतोय म्हणाला. तिने हात काढून घेतला, खुर्ची होती तशीच ठेवली, आणि ती खाली गेली.